चित्र पेशव्यांचे, नाव कुणाचे?

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे येणारा महामार्ग प्रवरासंगमाजवळ गोदावरी ओलांडतो आणि कायगावपाशी गंगापूर तालुक्यात शिरतो. पुण्याहून वेरूळची लेणी पाहावयास निघालेला आजचा प्रवासी बहुधा याच वाटेने जातो. लेण्यांत पोहोचल्यावर त्याला राष्ट्रकूट कृष्णराजाचे नाव ऐकावयास मिळते, कळसापासून पायथ्यापर्यंत कोरत आणलेल्या कैलास मंदिराचे नवल ऐकावयास मिळते. इंग्रज आमदानीच्या आरंभी येथे येऊन गेलेल्या गोऱ्या साहेबांची नावेही कधी कधी कानी पडतात. पुण्याच्या गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या चित्रकाराचे नाव मात्र त्याच्या कानी पडत नाही. वास्तविक अठराव्या शतकाच्या अखेरीस कैलासासमोर कागद मांडून बसलेल्या पहिल्या काही चित्रकारांपैकी तो एक होता.

पुण्याच्या दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने गंगारामाला आपल्या पदरी ठेवले होते. मॅलेटचा वेरूळवरील लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात आला, तो गंगारामाच्या रेखाटनांच्या आधारे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा आणि हत्ती, मठातील योगी, तालमीतील पहिलवान हे सारे त्याने कागदावर उतरवले. त्याच सुमारास जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवली आणि गंगाराम त्याच्याबरोबर काम करू लागला. १७९५ मध्ये साष्टीत वेल्स मरण पावला. पुढे १८०३ मध्ये लंडनमध्ये वेरूळच्या चोवीस चित्रांचा देखणा ग्रंथ निघाला. त्याच्या शीर्षकात वेल्सचे नाव आहे आणि ज्याच्या देखरेखीखाली ती चित्रे छापण्यासाठी कोरली गेली त्या थॉमस डॅनियलचेही आहे. तांबट आळीतल्या माणसाला तेथे जागा मिळाली नाही.

हा केवळ ग्रंथाच्या शीर्षकाचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. परंतु हीच गोष्ट मराठेशाहीच्या एका अत्यंत महत्त्वाच्या चित्राबाबत घडली आहे. पेशव्यांच्या दरबारात १७९० साली झालेल्या तहाचे भव्य तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. टिपूविरुद्ध झालेला हा तह शालेय इतिहासातही येतो. चित्रात तरुण पेशवा आहे, नाना आहेत, मॅलेट आहे, दाटीवाटीने बसलेले मानकरी आहेत. चित्रावर नाव थॉमस डॅनियलचे आणि साल १८०५ चे. तहाच्या वेळी हा डॅनियल पुण्यात नव्हता. नव्हता तो नव्हताच, पण ज्याच्या अभ्यासचित्रांवरून त्याने हे चित्र रचले तो वेल्सदेखील तेव्हा हिंदुस्थानात पोहोचलेला नव्हता. वेल्स मुंबईस उतरला १७९१ मध्ये. म्हणजे ज्या प्रसंगाचे हे चित्र, तो प्रसंग चित्राशी जोडल्या गेलेल्या दोन्ही इंग्रजी नावांपैकी एकानेही पाहिलेला नाही. चित्रातील तोंडवळे, पागोट्यांचे पेच, अंगरख्यांच्या चुण्या, बैठकीचा क्रम हे सारे कागदावर साठत गेले ते पुण्यात. आणि पुण्यातील त्या चित्रशाळेत वेल्सखेरीज त्याचा साहाय्यक रॉबर्ट मॅबन होता, गंगाराम होता. मग 'चित्रकार : थॉमस डॅनियल' या तीन शब्दांनी या चित्राच्या जन्माची हकीगत पुरी होते काय?

येथे उत्साही स्वाभिमानी माणसाच्या तोंडून लगेच उत्तर बाहेर पडते की चित्र आपल्याच माणसाचे, इंग्रजाने चोरले. या उत्तराने टाळ्या मिळतील, चित्राचा कर्ता ठरणार नाही. कर्तृत्वाचा दावा हा खटला आहे आणि खटला पुराव्यावर चालतो. तो पुरावा दोन ठिकाणी असतो, एक दप्तरात आणि दुसरा खुद्द चित्राच्या अंगात. दप्तर वाचणारे विद्वान महाराष्ट्राने पुष्कळ दिले. चित्राचे अंग वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावे लागतात.

रंगांच्या थरांखालचा साक्षीदार

कलासंवर्धन म्हणजे जुने चित्र पुसूनपासून चकचकीत करणे, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. खरा संवर्धक आधी कुंचला हाती घेत नाही, चित्राची तपासणी करतो. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून काढा देत नाही तसेच हे. तैलचित्रावर क्ष-किरण सोडले की शिशापासून केलेला सफेता किरणांना अडवतो आणि चेहऱ्याची घडण कुंचल्याच्या कोणत्या फटकाऱ्यांनी झाली ते उमटते. चित्रकाराने आधी हात वर काढला होता व नंतर खाली आणला, असले मनातले बदलही दिसू लागतात. नक्कल करणाऱ्याला असे बदल क्वचितच करावे लागतात, कारण त्याच्यासमोर उत्तर तयार असते. अवरक्त किरणांनी वरच्या रंगांना भेदून खालची काजळी अथवा कोळशाची रेघ वाचता येते. अतिनील प्रकाशात जुने राळेचे वार्निश हिरवट चमकते, तर नंतर कुणी तरी लावलेला रंग काळ्या डागासारखा वेगळा पडतो. कॅनव्हासच्या पाठीवरचे विक्रेत्याचे शिक्के, विणीतील धाग्यांची मोजदाद, कागदातील जलचिन्ह, यांतील प्रत्येकाला काही तरी सांगावयाचे असते.

रंगांनाही जन्मतारखा असतात. प्रशियन ब्ल्यू हा निळा अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये निघाला. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ चे. जस्ताचा पांढरा रंग चित्रकारांच्या नित्य वापरात आला १८३० नंतर आणि टायटॅनियमचा पांढरा तर १९२० च्या सुमारास. सवाई माधवरावांच्या हयातीतले म्हणून विकावयास आलेल्या चित्रात मूळ थरातच टायटॅनियम सापडले, तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. युरोपीय चित्रकारांना भुरळ घालणारा 'इंडियन यलो' हा पिवळा रंग बंगाल-बिहारकडून जात असे. तो गायींना आंब्याची पाने चारून मिळवलेल्या गोमूत्रापासून होतो, असे १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी मुंगेरजवळच्या मिर्झापुरात पाहून लिहिले. पाश्चात्त्य विद्वानांना ते दीर्घकाळ दंतकथा वाटले. अखेर अलीकडच्या रासायनिक तपासणीने, २०१९ मध्ये, मुखर्जींचे म्हणणे उचलून धरले. हिंदुस्थानी माणसाने डोळ्यांनी पाहून दिलेली साक्ष ग्राह्य धरण्यास पश्चिमेला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. तिला बळ दिले ते त्याच रंगाच्या जुन्या नमुन्यांनी.

अशा तपासणीतून कर्ता कसा बदलतो? हॉलंडमध्ये सतराव्या शतकात युडिथ लेस्टर नावाची चित्रकर्ती होऊन गेली. तिची चित्रे फ्रान्स हाल्स या तिच्या ख्यातनाम समकालीनाच्या नावावर विकली जात. १८९३ मध्ये लूव्र संग्रहालयातल्या एका चित्रावर हाल्सच्या बनावट सहीखाली तिची आद्याक्षरे आणि त्यांना जोडलेली चांदणी आढळली. चांदणी का, तर तिच्या आडनावाचा अर्थच ध्रुवतारा. दोनशे वर्षे पुसून गेलेली एक स्त्री एका खुणेने कलेतिहासात परतली. उलटही घडते. बर्लिनमधील 'सोनेरी शिरस्त्राण घातलेला पुरुष' हे रेम्ब्रांचे म्हणून जगभर पुजले गेलेले चित्र १९८५ मध्ये तपासणीअंती रेम्ब्रांच्या नावावरून खाली उतरवण्यात आले. 'सॉल आणि डेव्हिड' या हेगमधल्या चित्राची कथा याहून बोधप्रद आहे. कुणी तरी ते मधोमध कापून दोन चित्रे केली होती, पुढे पुन्हा जोडली आणि जोड झाकण्यासाठी वर भरमसाट रंग चढवला. १९६९ मध्ये तज्ज्ञांनी ते रेम्ब्रांचे नाही म्हणून टाकून दिले. अनेक वर्षांच्या जतनकार्यात वरचा परका रंग उतरला, खालचा हात दिसला आणि २०१५ मध्ये ते पुन्हा रेम्ब्रांच्या नावावर चढले. तज्ज्ञांची नजर वाईट नव्हती. ते मूळ चित्रावरचे दुरुस्तीकाम पाहत होते आणि त्यालाच चित्र समजत होते.

हेच प्रश्न पेशवाईतील चित्रांना विचारावयास हवेत. देशी चित्रशाळेत शिकलेला माणूस सुईने टोचलेला खाका कागदावर ठेवून त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवी. त्या बारीक ठिपक्यांची रांग अवरक्त छायाचित्रात दिसू शकते. एवढ्यावरून निकाल लागत नाही, कारण युरोपातही ही पद्धत होती. तसेच इंग्रजी जलचिन्हाचा कागद दिसला म्हणून चित्र इंग्रजाचे ठरत नाही, पुण्याचा चित्रकारही तो वापरीत असे. परंतु ठिपके, डिंकात कालवलेला रंग, हिंगूळ-हरताळाची निवड, डोळ्याच्या पापणीपासून चेहरा बांधत नेण्याची सवय अशा दहा खुणा एकत्र आल्या की एका हाताची ओळख पटू लागते. गंगारामाच्या नावाची खात्रीलायक रेखाटने अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. तेथेच वेल्सचे कागदपत्रही आहेत. म्हणजे ताडून पाहण्यासाठी लागणारा नमुना उपलब्ध आहे. लंडनच्या तैलचित्रामागे असलेल्या अभ्यासचित्रांपैकी कोणती वेल्सची, कोणती मॅबनची आणि कोणती गंगारामाची, हा प्रश्न या नमुन्याच्या आधारे विचारता येतो. तो मराठी समाजाच्या वतीने औपचारिकपणे विचारला गेला पाहिजे.

अनामिकतेची सोयीस्कर पूजा

या मागणीला दोन बाजूंनी विरोध होतो. पहिला विरोध ओळखीचा आहे. वसाहतकाळातील भारतीय चित्रकाराला 'कंपनी शैली' या एका पोत्यात कोंबावयाचे आणि तोंडाला 'अज्ञात देशी कलाकार' अशी सुतळी बांधावयाची. या शैलीला नाव मिळाले ते गिऱ्हाइकाचे! तुकोबांच्या अभंगांना वाचणाऱ्याचे नाव देण्यासारखा हा प्रकार.

दुसरा विरोध अधिक घातक, कारण तो आपल्याच घरातून आणि भक्तिभावाच्या सुरात येतो. भारतीय कलावंत आत्मविलोपी होता, त्याला नावाची आस नव्हती, त्याने कला ईश्वरार्पण केली, मग कर्ता शोधण्याचा हा पाश्चात्त्य सोस कशाला, असे म्हटले जाते. ऐकावयास हे गोड आहे. ते खरे मात्र नाही. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर आठव्या शतकातील स्थपतींची नावे बिरुदांसह कोरलेली आहेत. नैनसुख या पहाडी चित्रकाराने १७६३ मध्ये हरिद्वारच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत आपल्या हाताने नोंद केली, सोबत चित्रही काढले. अशाच वह्या चाळून प्राध्यापक बी. एन. गोस्वामी यांनी ज्यांना जग 'अनाम' म्हणत होते त्या पहाडी चित्रकारांची अख्खी घराणी उभी केली. आपल्या कलावंताला नाव होते आणि त्याला ते लिहावेसेही वाटत होते. ते वाचण्याची तसदी घेतली नाही ती पुढच्या पिढ्यांनी. त्या आळसाला अध्यात्माचे वस्त्र नेसवू नये.

अजिंठ्याचे दहावे लेणे पाहावे. भिंतींवरील जुन्या लेखांत दात्यांची नावे आहेत. रंगवणाऱ्याचे नाव नाही. मात्र एका चित्रावर जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे नाव आणि १८१९ हे साल खरवडलेले आहे. तो येथे वाघाच्या शिकारीसाठी आला होता. ज्याने भिंत बिघडवली त्याचे नाव प्रत्येक पर्यटकाला पाठ, ही आपल्या कलाविषयक स्मृतीची अवस्था आहे.

आरसा स्वतःकडे

दोष सगळा साहेबाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. गंगारामाची रेखाटने नावानिशी मांडणारे प्रदर्शन २०११ मध्ये झाले ते येलमध्ये, आणि या कालखंडाच्या मराठी कलेवरील विस्तृत ग्रंथ होली शॅफर या अमेरिकी विदुषीने २०२२ मध्ये लिहिला. पुण्याच्या चित्रकाराला त्याचे नाव न्यू हेवनमध्ये परत मिळावे याचा आनंद मानावा की खंत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि इकडे काय चालले आहे? गंगापूर, पैठण, वैजापूर या तालुक्यांतील जुन्या वाड्यांत पूर्वजांची, साधुपुरुषांची चित्रे अद्याप टिकून आहेत. घराची डागडुजी निघाली, मुलाचे लग्न ठरले की ते काळवंडलेले चित्र फ्रेमवाल्याकडे अथवा पाट्या रंगवणाऱ्याकडे जाते. तो मनापासून काम करतो. कापूस ओला करून पुसतो, भेगा बुजवतो, डोळे ठळक करतो, वर वार्निशचा हात देतो. घरी सर्वांना 'अगदी नवे झाले' म्हणून समाधान वाटते. नवे झाले म्हणजे जुने गेले! कोपऱ्यातील पुसट अक्षरे पुसली गेली, मागचा चिटकवलेला कागद नव्या पुठ्ठ्यासाठी फाडून टाकला गेला. त्या घरातील एखादे चित्र पेशवाई कलमाचे असेल तर ते सिद्ध करण्याचा मार्ग त्या दिवशी त्याच घरातील हातांनी बंद केला. मंदिरांचे तर विचारूच नये. जीर्णोद्धार समिती स्थापन होते, वर्गणी जमते आणि भित्तिचित्रांवरून ऑइलपेंटचे डबे रिते होतात. शेंदराचे कवच गळून मूळ मूर्ती प्रकटली की गावोगाव दर्शनाला रांगा लागतात. पण रंगाच्या कवचाखाली चित्र गाडले गेले याची कुणाला हळहळ वाटत नाही.

सद्हेतूने केलेली दुरुस्तीही किती महागात पडते याचा धडा तर याच जिल्ह्यात आहे. निजामाच्या राजवटीत, १९२० ते १९२२ या काळात, सेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्यास पाचारण करण्यात आले. त्यांनी सुटलेले गिलावे चिकटवले, पुष्कळ चित्रे वाचवली, पण वर लाखेचे वार्निश चढवले. ते कालांतराने पिवळे-तपकिरी झाले. अजिंठ्याचे रंग मुळात कसे होते याबद्दल कित्येक दशके जे लिहिले गेले त्यातील काही भाग या लाखेचे वर्णन होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी ती लाख तसूतसूने उतरवली, तेव्हा कुठे निळा निळा दिसू लागला.

श्रद्धेच्या नावाखाली चुकीचे चित्र किती काळ चालू शकते याचे उदाहरण तर छत्रपतींचेच. इब्राहिमखान नावाच्या भलत्याच इसमाचे चित्र शिवराय म्हणून घराघरात लागले होते. ते वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये पुराव्यानिशी दूर केले आणि महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणले. बेंद्रे यांनी तेव्हा कुणाच्या भावना दुखावतील याचा विचार करीत बसले असते तर आजही तोच इब्राहिमखान हारांखाली हसत बसला असता. सत्यशोधनाने अस्मितेला बाध येतो असे मानणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

आणखी एक भ्रम. 'आमच्याकडे रविवर्म्याचे अस्सल चित्र आहे' असे अभिमानाने सांगणारी घरे थोडी नाहीत. देवघरातील लक्ष्मी-सरस्वतीवर साधे भिंग धरावे. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती शिळाछापाची प्रत होय, १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या त्यांच्या छापखान्याची किंवा त्याच्या पुढच्या अवतारांची. तिचे मोल कमी नाही. या छापांनी देवांना सामान्य माणसाच्या भिंतीवर आणले. पण अशाच छापांवर तैलरंगाचा हात फिरवून ते मूळ चित्र म्हणून खपवणारे लोकही आहेत, आणि भिंगाचा खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या पुढे जात नाही.

शासनाकडून काय हवे? १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुने चित्र देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. ते देशातच वाड्याच्या माडीवर कुजू नये यासाठी मात्र त्या कायद्यात फारसे काही नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा छत्रपती संभाजीनगरात आहे, गंगापूरहून तासाभराच्या वाटेवर. पण तिचे काम संरक्षित स्मारकांचे, गंगापूरच्या एखाद्या माडीवरील तसबिरीशी तिचा संबंध येत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचे चांगले केंद्र आहे. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबाने आजोबांच्या आजोबांचे चित्र गोणपाटात गुंडाळून तेथवर न्यावे, अशी अपेक्षा करणे ही थट्टा झाली. विभागवार एक फिरते तपासणी पथक असावे. त्यात अतिनील दिवा, अवरक्त छायाचित्रण करणारा कॅमेरा, सूक्ष्मदर्शक आणि एक प्रशिक्षित संवर्धक एवढे पुरे आहे. पुतळ्यांच्या अनावरणावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने ही रक्कम कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. लंडनच्या चित्राचा प्रश्नही राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने लेखी विचारावा, त्यासाठी भाषण करावयाची गरज नाही.

पथक येईल तेव्हा येईल. तोपर्यंत गंगापुरातील, कायगावातील कार्यकर्त्याला सुटीच्या दिवशी करण्यासारखे काम आहे. जुन्या वाड्यांतील चित्रे मालकाच्या संमतीने भिंतीवरून उतरवावीत, पुढून आणि मागून दिवसाच्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत. पाठीवर काही अक्षर, शिक्का, चिठ्ठी असेल तर ती जवळून टिपावी. घरातील वडीलधाऱ्यांना चित्राबद्दल जे ठाऊक आहे ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. चित्र पुसू नये, पाणी लावू नये, तेल तर मुळीच लावू नये; बाहेरच्या दमट भिंतीवरून काढून आतल्या कोरड्या भिंतीवर टांगावे. आणि घरच्या मंडळींना पाट्या रंगवणाऱ्याकडे जाण्यापूर्वी एकदा विचारावे की या चित्राच्या कोपऱ्यात, त्या काळ्या डागाखाली काय लिहिले आहे ते कुणी वाचले आहे का?